जवाहरआण्णांची तिसरी फेज

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणाला पटणार नाही. आष्ट्यात सांगितली तर लोक म्हणतात, "असलं इस्लामपुरात घडत असंल." इस्लामपूरकर म्हणतात, "ही साताऱ्याची भानगड." आणि साताऱ्याचे लोक काहीच न बोलता हसतात, कारण शेवट त्यांच्याकडं झाला असं त्यांना वाटतं. तोही झाला नाही. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. जिथं थोडं वाढवलंय तिथं गोष्टीच्याच भल्यासाठी वाढवलंय. पाहुणे वाढले म्हणून आमटीत तांब्याभर पाणी घातलं, तर त्याला कुणी लबाडी म्हणत नाही.

तर आष्ट्याचे जवाहरआण्णा. वय सदुसष्ट, ऊस सहा एकर, विहीर एक, विहिरीवर साडेसात हॉर्सपावरची मोटार एक, आणि त्या मोटारीला चाळीस वर्षांत वायरमनचा हात लागू दिला नाही हा अभिमान एक. मोटार जळाली, स्टार्टर चिकटला, उंदरानं केबल कुरतडली, काहीही होवो, आण्णा धोतर खोचून खांद्यावर पक्कड टाकून निघायचे. थ्री फेजची लाईट आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री यायची, पण आण्णांचा हात कधीही तयार. लाल, पिवळी, निळी. तीन वायरी, तीन फेज. मोटार उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, मोटार सुलटी. विजेचं सगळं शास्त्र एवढंच आहे, बाकीचं पुस्तकवाल्यांनी पोटासाठी वाढवलंय, असं त्यांचं ठाम मत होतं.

एका बुधवारी दुपारी त्यांच्या दारात टेंपो थांबला आणि तीन खोकी उतरली. एकात अ‍ॅम्प्लिफायर, दुसऱ्यात दोन उभे स्पीकर, आणि तिसऱ्यात एक काळा चौकोनी ठोकळा, ज्यावर बसून दोन माणसांनी निवांत शेंगा फोडाव्यात. तो सबवूफर. गाण्यातला जो 'ढूम' भाग असतो, तेवढाच काढायचं काम तो करतो. गाणं बाकीच्यांनी म्हणायचं, यानं मधूनमधून ढूम म्हणायचं. नगरपालिकेत असले सभासद पुष्कळ असतात, त्यामुळं आण्णांना ते लगेच समजलं.

खोक्यात एक चिठ्ठी होती. सरळ रेषेत, कवायतीला उभी केल्यासारखी अक्षरं. 'ब्राह्मीच्या पहिल्या वाढदिवसाला. येत्या नव्हे, पुढच्या रविवारी येतो. जोडणी मी स्वतः करीन. तोवर कुणीही हात लावू नये. राजाराम, सुभेदार, निवृत्त.'

हे राजाराम म्हणजे आण्णांचे साताऱ्याचे व्याही. फौजेत सिग्नलला होते. डोंगराच्या टोकावर बर्फात तारा जोडण्यात त्यांची उमर गेलेली. त्यांची लेक नीलिमा आणि आण्णांचा मुलगा सम्मेद कराडच्या कॉलेजात एकत्र होते, आणि चार वर्षांपूर्वी दोघांनी साताऱ्यात नोंदणी करून लग्न केलं. त्या लग्नाला आण्णा गेले नाहीत. सून घरी नांदायला आली, ब्राह्मी झाली, तरी व्याह्यांकडं ते कधी गेले नाहीत. कधी गुडघा दुखायचा, कधी उसाला पाणी असायचं, कधी चातुर्मास आडवा यायचा. आण्णा जैन, राजाराम बौद्ध. दोन्हीकडं अहिंसेवर तासभर बोलता येईल असं घराणं; फक्त एकमेकांकडं जेवायचं तेवढं राहिलं होतं. खरं कारण जातीचं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी उच्चारत नव्हतं.

राजारामांनी मात्र आपल्या बाजूचं उच्चारलं होतं. लेकीला फोनवर सांगितलं, "नातीसाठी येतो. चहा घेईन, उठंन. ज्या घरानं आमच्या घरचं पाणी घेतलं न्हाई, त्या घरात मी जेवाय बसणार न्हाई. ह्याच्यावर चर्चा नको."

नीलिमानं चर्चा केली नाही. ती फक्त वाढदिवसाच्या जेवणाची यादी करताना प्रत्येक पदार्थापुढं माणसं मोजायची आणि आईवडलांची दोन माणसं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. आण्णांच्या पत्नी त्रिशलाआक्का हे बघत होत्या. आण्णाही बघत होते, पण वर्तमानपत्राच्या वरून.

पण सध्या आण्णांच्या डोक्यात चिठ्ठीतलं एकच वाक्य घुमत होतं.

"हात लावू नये? माज्या घरात, माज्या हातानं, हात लावू नये?"

"आवं, त्यांनी भेट पाठवलीया. येतील, जोडतील," त्रिशलाआक्का म्हणाल्या.

"म्हंजे रविवारी चार पावण्यांच्या देखत त्यांनी माज्या घरात वायरी जोडायच्या आणि मी कडंला टॉर्च धरून उभा ऱ्हायचं? ती मोटार आज चाळीस वर्सं कोण चालवतंय?"

"मोटारीवर गाणी लागत न्हाईत."

या वाक्यानं प्रकरण पेटलं. वाद मिटवायला बोललेल्या वाक्यांनीच जगातल्या बहुतेक लढाया सुरू झाल्या आहेत.

गुरुवारी सकाळी आण्णांनी मोटारीची उरलेली केबल आणली. बोटाएवढी जाड. खोक्यात स्पीकरची मऊ वायर आयती दिलेली होती, तिच्याकडं त्यांनी सुतळीकडं बघावं तसं बघितलं आणि ती नीलिमाला कपडे वाळत घालायला देऊन टाकली. मग अ‍ॅम्प्लिफायर पालथा घालून त्याच्या पाठीकडं बघितलं आणि गंभीर झाले. लाल खुंटी, काळी खुंटी. लाल खुंटी, काळी खुंटी. शेजारी आणखी एक लाल, एक काळी, तिच्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं.

"तिसरी फेज कुठंय?"

सोबत चाळीस पानी पुस्तिका होती. तीत जपानी होतं, अरबी होतं, उजवीकडून वाचायची आणखी एक भाषा होती आणि डावीकडून वाचायच्या सतरा होत्या, मराठी नव्हतं. पहिल्याच पानावर चित्र होतं: प्लग काढलेला, आणि मगच वायरी जोडणारा माणूस. "हे बारक्या पोरांसाठी असतंय," म्हणून आण्णांनी पुस्तिका मिटली आणि प्लग लावला. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि मगच ते वायरी सोलायला बसले. लाईट चालू असताना काम करण्यात वेळ वाचतो, असं ते म्हणत. आयुष्य वाचतं की नाही, यावर त्यांनी कधी भाष्य केलं नव्हतं.

वायर पकडीला घट्ट बसावी म्हणून त्यांनी चांगलं वीतभर तांबं उघडं केलं. स्टार्टरला असंच लागतं. पण इथल्या खुंटीचं भोक मुंगीच्या बिळाएवढं. शेवटी निम्म्या तारा आत गेल्या आणि निम्म्या बाहेर, न विंचरलेल्या केसांसारख्या, इकडं तिकडं बघत राहिल्या. लाल खुंटीवरचे केस काळीच्या केसांशी बोलायला अगदी एका सुताचं अंतर राहिलं होतं.

आवाज आला. त्यातल्याच रेडिओवर बातम्या लागल्या. आण्णांनी विजयी मुद्रेनं घराकडं बघितलं. तेवढ्यात शेजारचे वीरधवल आले. हे पतसंस्थेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि ज्या विषयातलं काहीच कळत नाही त्यात त्यांचा सल्ला सगळ्यात पक्का.

"आण्णा, आवाज लय पातळ येतोय. ताकात पाणी जास्त झाल्यागत."

आण्णांनी कान दिला. खरंच पातळ होता. बातम्या देणारा गृहस्थ आजारी वाटत होता.

"मोटार उलटी फिरतीया," आण्णांनी निदान केलं. "दोन वायरी बदलतो."

ते अ‍ॅम्प्लिफायरमागं वाकले आणि डाव्या स्पीकरची लाल काळीला, काळी लालला जोडली. त्याच वेळी वीरधवल मदत म्हणून स्पीकरमागं वाकले होते, आणि त्यांनीही तीच वायर त्या टोकाला उलटी केली. दोघं उठले. आवाज तसाच.

"फरक न्हाई," आण्णा म्हणाले.

"परत बदला," वीरधवल म्हणाले, आणि दोघांनी परत बदलली. दोघांनीही.

असं तासभर चाललं. खोलीच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच वायरीची दोन तोंडं उलटसुलट करत होती, आणि दर वेळी उठून एकमेकांकडं संशयानं बघत होती. तीस वेळा झालं असेल. म्हणजे, मोजायला कुणी नव्हतं, पण तीसच्या खाली मी काही यायचा नाही. शेवटी वीरधवलना घरून चहाला हाक आली तेव्हा ते अर्ध्यावरच उठले, त्यामुळं एक टोक उलटं आणि एक सुलटं राहिलं. आता दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलू लागले, आणि गाण्यातला होता नव्हता तो दमही नाहीसा झाला. बातम्या देणारा आता भांड्यात बसून बोलत होता.

शुक्रवारी सबवूफर जोडला. त्याच्यासाठीच्या वेगळ्या खुंट्या रिकाम्याच राहिल्या. "एका स्टार्टरवर तिघं चालू द्यात की," म्हणत आण्णांनी त्याच्या वायरीही त्याच खुंटीत कोंबल्या, आणि तांब्याच्या केसांची दाढी आणखी वाढली. ठोकळ्यातून एकच सूर येऊ लागला: घूंऽऽऽ. गाणं असो, नसो, घूंऽऽऽ.

"अर्थिंग कमी पडतंय," वीरधवल म्हणाले. या वेळी त्यांचं थोडंफार तरी बरोबर असण्याची शक्यता होती, पण ती शक्यता आण्णांनी फार काळ टिकू दिली नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याला मीठ घालून पाणी सोडलं की मोटार कशी गप चालते, हे त्यांना पाठ होतं. घराचं अर्थिंग मोरीमागं, त्रिशलाआक्कांच्या जास्वंदीच्या बुडाशी. आण्णांनी पाच किलो खडेमीठ आणि सहा घागरी पाणी ओतलं. घूं तसंच राहिलं. जास्वंद मात्र सायंकाळपर्यंत मान टाकून बसली.

ओल्याच हातानं आण्णा परत आत आले आणि त्यांनी 'आता बघतो' म्हणून पाठीमागच्या वायरीला बोट लावलं. पुढचं एवढंच सांगतो, की आण्णा तीन खोक्यांमध्ये बसलेल्या अवस्थेत सापडले, टोपी पंख्याच्या पात्यावर होती आणि त्रिशलाआक्का मेन स्विच खाली ओढून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. बसलो हुतो जरा."

त्यांनी पुढं काहीच विचारलं नाही. जास्वंदीबद्दलही नाही. आण्णांना त्याचीच जास्त भीती वाटली.

शनिवारी मात्र आण्णांनी निर्णायक हल्ला केला. आवाजाचं चक्र पार शेवटापर्यंत फिरवलं. ढूम आला. असला आला की मांडणीवरचे डबे एकेक पाऊल टाकत कडेला येऊन उभे राहिले, शेजारच्या म्हशीनं धार वर ओढून घेतली, आणि आष्ट्याच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या दोन एसट्या आपसूक चालू झाल्या असं सांगतात. सांगणारा मीच. पण ते असो. त्या थरथराटात तांब्याच्या दोन तारा एकमेकींना भेटल्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात 'टक्' झालं, लाल दिवा लागला, आणि घरात शांतता पसरली.

आण्णांनी बटण दाबलं. टक्, लाल. पुन्हा दाबलं. टक्, लाल. सायंकाळपर्यंत त्यांनी ते बटण एवढ्या वेळा दाबलं की बोटाला घट्टा पडला.

"काय झालं?" नीलिमानं विचारलं.

"थकलाय. नवं यंत्र असतंय, दोन दिवस इसावा द्यावा लागतो," आण्णा म्हणाले.

नीलिमानं त्या लाल दिव्याकडं बघितलं. वडलांनी पेन्शनीतून घेतलेली वस्तू. तिनं यादीतले दोन आकडे परत खोडले. हे आण्णांनी बघितलं, आणि या वेळी हातात वर्तमानपत्रही नव्हतं. नातीची भेट फुंकून टाकलेल्या घरात व्याही चहा तरी घेतील का, हाच प्रश्न उरला होता.

त्यानंतर आण्णांना बसवेना. ओट्यावर बसले की उठायचे, उठले की मोरीमागं जाऊन जास्वंद बघायचे, जास्वंद बघितली की परत येऊन बटण दाबायचे. सोमवारी त्यांनी वायरी पक्कडीनं तोडल्या, पण खुंटीत रुतलेले तांब्याचे बुडखे निघेनात म्हणून तसेच ठेवले, आणि अ‍ॅम्प्लिफायर पोत्यात घालून इस्लामपुरात जिनेंद्रकडं नेला. जिनेंद्र मोटार रिवाइंडिंग करणारा, म्हणजे आत नवी तार भरणारा. जळक्या मोटारीत तो इतका रमतो की चांगली मोटार दिसली तर उदास होतो. त्यानं पोत्यात वाकून बघितलं.

"आण्णा, किती हॉर्सपावर?"

"हे गाण्याचं हाय गड्या."

"असू दे की. कॉपर भरू का अ‍ॅल्युमिनियम?" आणि त्यानं हातोडी उचलली.

आण्णांनी पोतं छातीशी धरलं आणि एसटी गाठली. व्यायलेली मांजर पिल्लं घेऊन फिरते तसे ते दिवसभर फिरले. घरी जागा रिकामी दिसू नये म्हणून तेलाचा चौकोनी डबा ठेवून त्यावर विणलेला रुमाल घातला होता. दोन दिवस त्रिशलाआक्का तो डबा पुसत होत्या. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण संसार टिकतात ते अशाच पुसण्यावर.

शेवटी मंगळवारी सकाळी आण्णा म्हणाले, "कारखान्याच्या सभेला जातोय. उशीर होईल."

"सभेला पोतं कशाला?"

"उसाचं नमुनं हायत."

आणि ते थेट साताऱ्याला उतरले. आयुष्यात पहिल्यांदा. खोक्यातल्या बिलावरचं दुकान शोधता शोधता साडेपाच वाजले. काउंटरवर सोनिया नावाची मुलगी होती. तिनं बिलाचा नंबर कॉम्प्युटरात घातला.

"काका, बिल राजाराम यांच्या नावावर आहे. वॉरंटीसाठी त्यांना यावं लागेल."

"ते... ते बॉर्डरवर असत्यात."

"मग त्यांच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, तो विचारून सांगा."

"कुठं गेलाय?"

"त्यांच्या मोबाईलवर. आत्ताच."

आण्णांनी पोतं हळूच स्वतःकडं ओढलं. दोन मिनिटांत दुकानाचा फोन वाजला. पलीकडचा आवाज दुकानभर ऐकू येत होता. "माज्या नावानं कोण तक्रार नोंदवतंय? मी ओटीपी कुणाला देत नसतो! सायबर फ्रॉड हाय. माणूस धरून ठेवा, हलू देऊ नका. दहा मिनिटांत रिपोर्ट करतो."

वॉचमननं पोतं ताब्यात घेतलं आणि आण्णांना स्टुलावर बसवलं. सहा एकर उसाचा मालक, सोसायटीचा दोन वेळचा संचालक, वॉशिंग मशीन आणि मिक्सरच्या मध्ये, संशयित म्हणून. येणारंजाणारं गिऱ्हाईक वाकून बघत होतं. एका बाईनं तर किंमत विचारली.

नवव्या मिनिटाला स्कूटर थांबली. हेल्मेट घातलेले, काटक, ताठ राजाराम आत आले. "कोण म्हणतंय मी बॉर्डरवर हाय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सम्मेदच्या फोनमधल्या फोटोत सोडून यापूर्वी त्यांनी एकमेकांना बघितलेलं नव्हतं.

"पावणं?" राजाराम म्हणाले.

"व्हय," आण्णा म्हणाले. इतकं लहान 'व्हय' त्यांच्या तोंडून स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही निघालं नव्हतं.

राजारामांनी पोतं उघडलं, अ‍ॅम्प्लिफायर पालथा केला, आणि पाठीमागची ती तांब्याची दाढी बराच वेळ बघितली. मग खिशातून नेलकटर काढलं. कट, कट. बुडखे उपटले. दहा मिनिटं तसंच राहू दिलं. प्लग लावला. टक्, हिरवा.

"एवढंच?" आण्णा म्हणाले.

"एवढंच. त्यो मेला न्हवता. त्यो सोताला वाचवत हुता. तुमच्यापास्नं."

वॉचमन हसला. आण्णा उठले, पोतं उचललं. "येतो मग."

"कशानं येताय? आता एसटी धराल, कराड, इस्लामपूर, घरी पोचाय आठ वाजतील. चातुर्मास पाळता न्हवं? नीलिमा सांगत असती, दिवस मावळला की तुमी शिताला शिवत न्हाई." राजारामांनी मनगट बघितलं. "सहा चौतीसला मावळतोय. आता पाच अठ्ठावन्न. माजं घर चार मिनिटांवर हाय. उपाशी जाणार, का जेवून?"

आग्रह नव्हता त्यात. वेळ सांगितल्यासारखं सांगितलं. आण्णांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी दाराबाहेर सूर्याकडं बघितलं. तो अजिंक्यताऱ्याच्या वर, कुणाचीही बाजू न घेता, उभा होता.

"चला," आण्णा म्हणाले.

जाईबाई, म्हणजे विहीणबाई, चुलीसमोरच होत्या. त्यांनी तांब्या पुढं केला. आण्णांनी तो हातात घेतला, आणि पाणी प्यायले. सगळं. मग भाकरी आली, पिठलं आलं.

"कांदा-लसूण न्हाई त्यात," जाईबाई म्हणाल्या. "लेक येती तवा असंच करावं लागतं. तुमच्या घरची सवय लागलीया तिला. आता आमालाबी गोड लागतंय."

आण्णांनी पहिली भाकरी संपवली आणि दुसरीसाठी ताट पुढं केलं.

जेवतानाच राजारामांनी कागदावर नकाशा काढला. "पयलं प्लग काढायचा. मग तार नखाएवढीच सोलायची, पिळायची, एक केस भाईर ऱ्हायला न्हाई पायजे. लालला लाल, दोन्ही टोकांनी. उलटं जोडलं तरी ह्यो मोटारीगत उलटा फिरत न्हाई; बोलतो, पर एक फुडं ढकलतो आन् दुसरा मागं वढतो, सगळा दम मधल्या मधी जातो. आन् ढूमवाल्याला त्याच्या सोताच्या खुंट्या. एका मोटारीवर तीन पायपा सोडल्या तर मोटार तापंल का न्हाई?"

"तापंल की."

"मग?"

विजेचं उरलेलं शास्त्र आण्णांना त्या दिवशी भाकरीबरोबर कळलं. निघताना ते दारात घुटमळले. "पावणं, ह्ये... मी आलो हुतो त्ये घरी..."

"सैनिकाचा शब्द," राजाराम म्हणाले. "जोडणी तुमीच केली."

आणि केलीही. बुधवारी, प्लग काढून, कपड्यांच्या दोरीवरून मऊ वायर परत आणून. नीलिमानं तारेवरची ओली लुगडी खुर्च्यांवर टाकली.

रविवारी पाहुणे आले. ब्राह्मी साताऱ्याच्या आजोबांच्या मिशांना लोंबकळली. सेट लागला. गोड, भरीव, डबे जागेवर. राजाराम पाठीमागं वाकले, हात मागं बांधून तपासणी केली. "एक नंबर. कुणी केली जोडणी?"

"आमीच," आण्णा म्हणाले.

"पुण्यात बी अशी व्हायची न्हाई."

एवढ्यावर आण्णा थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पाटपाणी झालं, नीलिमा चहाचा ट्रे घेऊन आली, आणि राजाराम म्हणाले, "च्या कशाला? पान वाढ की." ते पाटावर जाऊन बसले. नीलिमा ट्रे धरून तशीच उभी राहिली. त्रिशलाआक्कांनी हळूच तो ट्रे तिच्या हातातून काढून घेतला. घरात कुणालाच काही उमगलं नव्हतं, आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. ही शांतता आण्णांना सोसवेना. ती भरून काढणं आपलं कर्तव्य आहे असं त्यांना वाटलं.

"सोपं नव्हतं पावणं. आठ दिवस लागलं. वायर अशी, आन् फेज अशी. दुकानवाल्याला विचारलं न्हाई, वायरमन आणला न्हाई. सगळं ह्या डोक्यातनं."

राजाराम खोकले.

"खरंच वो," त्रिशलाआक्का जाईबाईंच्या पानात पोळी वाढत कौतुकानं म्हणाल्या. "खाण्यापिण्याची सुद्द न्हवती त्यांना. मंगळवारी कारखान्याच्या सभेला गेले, दिवस मावळून आले, उपाशीच झोपले बिचारे. माज्या घशाखाली घास उतरला न्हाई."

राजाराम पुन्हा खोकले, या वेळी कवायतीच्या आवाजात. पण आण्णांची गाडी उताराला लागली होती.

"सभेत जेवणाची पंगत हुती की! बासुंदी हुती. पर मन सगळं वायरीत. म्हटलं, जोडणी हुईस्तोवर अन्नाला शिवायचं न्हाई. सकाळधरनं रातपतूर पाण्याचा थेंब घेतला न्हाई. उपास म्हंजे कडक उपास. आतडी पाठीला लागली हुती."

जाईबाईंचा घास वाटेतच थांबला. पाण्यापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं होतं. पण पाठीला लागलेली आतडी ऐकल्यावर त्यांनी पोळी पानात ठेवली, पदर सावरला, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं:

"आवं इवाई, मग मंगळवारी माज्या चुलीम्होरं बसून साडेतीन भाकरी कुणी खाल्ल्या?"